सगळ्यात वर कोणाचं नाव

दुर्गेश्वरी बिसेनच्या पायाला भिंगरी आहे, हे गोंदियालगतच्या कुडव्यात तिची सारी गल्ली जाणते. फोडणी तडतडेपर्यंत ती अंगणातले कपडे उलटून येते. स्कूटी सुरू करते, ती तशीच ठेवून घरात जाते, गॅस बंद आहे ना ते बघते, निघते, आणि चौकापर्यंत जाऊन परत फिरते, कारण गॅस बघितला पण कुलूप ओढून बघितलं नाही. चहा उभ्यानंच. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासू, रुख्माबाई, म्हणायची, "इच्या मायबापानं इले बसाले शिकवलंच नाही." हे कौतुक होतं की तक्रार, ते सासूनं कधी उघड केलं नाही. तीन वर्षांमागे ती गेली. आता घरात तिघं: दुर्गेश्वरी, धानाच्या व्यापारात बालाघाटकडे फेऱ्या मारणारा नवरा भुपेंद्र, आणि सासरे श्यामलाल.

पण एका जागी ही बाई तास तास बसायची. गोंदियाच्या बाजारात टेकचंदभाऊंच्या छापखान्यात, संगणकापुढे. माहेर बोदलकशाचं, बारावीनंतर तिरोड्यात सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स केलेला, तेवढ्या भांडवलावर ती इथं लागली आणि अकरा वर्षं तिनं लग्नाच्या पत्रिका जुळवल्या. वर गणपती, मधे मुलामुलीची नावं मोठ्या सोनेरी अक्षरांत, हे कोणीही करील. खरा कस लागतो तो खाली, नावांच्या यादीत.

शहरातल्या माणसाला ती यादी म्हणजे नुसतं भरताड वाटेल. वाटू द्या. इकडे पत्रिका हातात पडली की मुहूर्त नंतर बघतात, आधी आपलं नाव शोधतात, आणि आपल्या वर कोण बसलाय ते बघतात. एकदा आमगावकडच्या एका लग्नात धाकट्या काकाचं नाव थोरल्याच्या वर गेलं. थोरल्यानं कळवलं, हळदीला येणार नाही, मांडवाला येणार नाही. नवरदेवाचा बाप हातापाया पडायला गेला तर म्हणाला, "खालच्या नावाचा मानूस कायले पाहिजे तुले?" सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की दुर्गेश्वरी कागद पुढे ओढून आधी दोन गोष्टी विचारायची: मोठे कोण आणि रुसणारे कोण? मग मुलीकडचे, मुलाकडचे, मामा, आत्या, वारलेले, दूर गेलेले, बोलणं बंद असलेले, सगळ्यांना ती अशी काही बसवायची की कोणाचा कोणाला धक्का लागू नये. टेकचंदभाऊ हिंदीतच बोलायचे. म्हणायचे, "ये लड़की कंपोज नहीं करती, पंचायत बैठाती है."

यंदाच्या दिवाळीनंतर भाऊंनी तिला बोलावलं. गल्ल्यामागे बसून ते उगाच पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"बेटा, लोग अब मोबाइल पे न्योता भेज देते हैं. महीने के आखिर में शटर गिरा रहा हूँ."

जागा मोबाइलच्या दुकानाला द्यायचं ठरलेलं होतं. दुर्गेश्वरी "हो जी" म्हणाली, हेल्मेट घातलं आणि निघाली. घरासमोरून पुढे गेली. कुडव्याच्या पार टोकापर्यंत जाऊन, काही काम नसताना वळून परत आली, आणि तरीही तिला घरात शिरावंसं वाटेना. पगार जाणार हे दुःख होतंच, पण तिला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सकाळी दहाला कुठंतरी पोचायचं नसेल, तर आपण कोण, हे तिला स्वतःला सांगता येईना.

छापखान्यात शाई पुरवणाऱ्याकडून तिला कळलं की नागपुरातलं एक कार्यालय शाळेच्या पुस्तकांची पानं लावून देतं आणि त्यांना घरी बसून काम करणारी माणसं हवी आहेत, मराठी आणि हिंदी दोन्ही येणारी. तिनं फोन लावला. पलीकडच्या मॅडम गोड बोलल्या, पण असे फोन दिवसभर येत असावेत, नाव न विचारताच अट घातली. पुस्तकं आता इंटरनेटवरही जातात, तेव्हा साधं एचटीएमएल, म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, यायला हवं. "तुमची स्वतःची वेबसाइट करून पाठवा. तयार साच्यातली नको, स्वतः लिहिलेली. छोटी चालेल. त्यात तुम्ही कोण आणि तुमचं काम काय, एवढं दिसलं पाहिजे. शनिवारपर्यंत."

तो दिवस सोमवार होता.

त्या आठवड्यात दुर्गेश्वरीनं भाजीत तीनदा मीठ घातलं नाही आणि एकदा दोनदा घातलं. जेवणाच्या सुट्टीत छापखान्याच्या संगणकावर, घरी आल्यावर जुन्या घेतलेल्या लॅपटॉपवर, मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून ती शिकत सुटली. हे सगळं नोटपॅडमध्ये लिहायचं असतं, याचंच तिला आधी हसू आलं. किराणाची यादी लिहायची ती जागा! प्रत्येक गोष्टीला टॅग लावायचा, टॅग उघडला तर बंद करायचा. मोठं नाव एच-वनमध्ये, साधा मजकूर पी-मध्ये. हे तिला लगेच पटलं. मांडवात आणलेल्या प्रत्येकाला जागा द्यायची आणि मोकळं कोणाला सोडायचं नाही, हे तर ती अकरा वर्षं करत होती.

पटलं म्हणून जमलं असं नाही. मंगळवारी तिनं छापखान्यातला जुना मजकूर उचलून तसाच चिकटवला, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. छापखान्याचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा. तो छापायला चालतो, इंटरनेटला त्यातलं अक्षर कळत नाही. सगळं नव्यानं टाइप करणं आलं. बुधवारी पत्रिकांचे फोटो लावले तर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. फोटो एका फोल्डरमध्ये, पान दुसऱ्यात. ते शोधण्यात तिचा जीव अर्धा झाला. उठायची, दारापर्यंत जायची, काही नसताना बाहेर डोकवायची, परत येऊन तीच ओळ वाचायची. भुपेंद्र म्हणाला, "अवं, घडीभर बस तं." ती म्हणाली, "बसूनच तं राहिली," आणि उठली.

गुरुवारी संध्याकाळी मात्र सगळं जागेवर आलं. फोटो उमटले. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं उमटली. आता फक्त वरचा मजकूर राहिला, 'तुम्ही कोण' तो. तो तिनं दहा मिनिटांत लिहिला. विचारही करावा लागला नाही.

इथंच चुकलं. आणि चूक अशी की तिच्या जागी अकरा वर्षं बसलेल्या कोणालाही दिसली नसती.

सगळ्यात वर तिनं गणपती बसवला. त्याखाली, वारलेल्या माणसांचा आशीर्वाद आधी घ्यायचा असतो म्हणून, 'स्व. सौ. रुख्माबाई श्यामलाल बिसेन'. त्याखाली एच-वनमध्ये, पानावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'श्री. श्यामलाल बिसेन', कारण घरात मोठे तेच. मग 'श्री. भुपेंद्र श्यामलाल बिसेन'. मग तिच्या पत्रिकांचे फोटो. आणि तळाशी, बारीक अक्षरांत, 'विनीत: सौ. दुर्गेश्वरी'. संपर्काला नंबर दोन: पहिला श्यामलालांचा, दुसरा भुपेंद्रचा. बाईमाणसाचा नंबर पत्रिकेवर टाकू नये, असं तिला कोणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षांत कोणी टाकायला सांगितला नव्हता, एवढंच.

शुक्रवारी सकाळी तिनं ते पान फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर चढवलं आणि मोबाइलवर उघडून सासऱ्यांना दाखवलं. श्यामलाल सत्तरीचे, बोलणं मोजकं. ते वावरात निघाले होते; कापणी होऊन धानाचे पुंजणे, म्हणजे पेंड्यांचे ढीग, रचलेले होते आणि मळणी, इकडे चुरणी म्हणतात ती, चालू होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला, लावला.

"हे माहं नाव आहे?"

"हो जी, मामाजी."

"साऱ्या दुनियेत दिसते?"

"सारीकडे दिसते."

सायकलवर बसता बसता म्हातारा म्हणाला, "हिरालालले दाखवता येईन का?" हिरालाल म्हणजे शेजारच्या धानाच्या बांधीचा मालक, श्यामलालांचा जन्माचा सोबती आणि जन्माचा प्रतिस्पर्धी. दुर्गेश्वरीला इतका आनंद झाला की त्याच भरात तिनं नुसती लिंक नागपूरला पाठवून दिली.

शनिवार उजाडला आणि तिची दशा दशा झाली. छापखान्याला सुट्टी टाकलेली. भुपेंद्र बालाघाटला. सकाळी आठला तिनं मेल बघितला. सव्वाआठला बघितला. मॅडम दहाशिवाय कार्यालयात येत नसणार हे तिला कळत होतं, तरी साडेआठला बघितला. दहानंतर तर मोबाइल हातातून सुटेना. तिनं डबे घासले, घासलेले डबे पुन्हा घासले, तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेल्यात न निवडलेले मिसळून ठेवले. स्वतःचं पान वीसदा उघडून बघितलं. दर वेळी ते तिला चांगलं दिसलं. मग उत्तर का येईना? काम आवडलं नसेल. की आवडलं, पण आणखी कोणाचं जास्त आवडलं? आपल्याला इंग्रजी येत नाही हे त्यांना पानावरून कळलं असेल का?

दीडच्या सुमारास फाटक वाजलं. श्यामलाल सायकल धरून उभे होते. चुरणीच्या दिवसांत ते सूर्य बुडायच्या आधी कधी घरी येत नसत.

"मामाजी, बरं वाटून नाही राहिलं का?"

"पाणी नको," ते म्हणाले. तिनं पाणी विचारलंच नव्हतं.

ते ओट्यावर बसले. गळ्यात दोरीनं अडकवलेला बटणांचा मोबाइल त्यांनी काढून बाजूला ठेवला, विंचू ठेवावा तसा.

"तुया नागपूरचा फोन आला होता. मले."

"तुमाले?"

"मंग कोणाले? माहाच नंबर टाकला ना तुनं."

श्यामलाल समोरच्या भिंतीकडे बघून सांगायला लागले.

"थे बाई म्हणते, श्यामलालजी, तुमचं काम लय चांगलं आहे. म्या म्हणलं, हो जी, देवाची किरपा. म्हणते, किती वर्षांपासून करून राहिले? म्हणलं, चाळीस. म्हणते, एकटेच करता? म्हणलं, नाही जी, कापणीले मजूर लावतो."

एरवी ती हसून लोळली असती. आता ती दाराची चौकट धरून ऐकत राहिली.

"मंग घडीभर थे बोललीच नाही. मंग विचारते, कम्प्युटरवर पानं कशी लावता म्हणून. तवा माया ध्यानात आलं. म्या म्हणलं, बाई, थे काम माही सून करते. मले तं फोन बंद कराले येत नाही. तं म्हणते, मंग तुमचं नाव काऊन वर आहे? म्या म्हणलं, घरात मोठा मीच आहो ना."

दुर्गेश्वरी पुढे सरकली.

"मंग का म्हणाली?"

"म्हणाली, काकाजी, आमाले मोठा नाही पाहिजे. काम करणारा पाहिजे."

दुर्गेश्वरीला एकाच वेळी दोन लाजा वाटल्या. काम तर गेलंच. आणि ज्या माणसाला मान म्हणून वर बसवलं, त्याचा भर वावरात पाणउतारा झाला.

"चुकलं जी माहं," ती म्हणाली.

"हिरालाल बाजूलेच होता. त्यानं सारं आयकलं." श्यामलालांचा आवाज पहिल्यांदा चढला. "चाळीस वर्षांत म्या कोणाच्या बांधीतली एक पेंडी उचलली नाही. आन तू तुया मेहनतीवर माहं नाव टाकून मले चोर केलं? काऊन केलं असं?"

मान द्यायचा म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते आता तिलाच खरं वाटेना. तिनं मान दिला नव्हता. फक्त सवयीनं स्वतःला तळाशी नेऊन ठेवलं होतं.

"काढ थे," श्यामलाल म्हणाले. "सांजवरी वेळ मांगून घेतली म्या. सहा वाजता पुन्हा पायते म्हणाली."

म्हणजे काम गेलं नव्हतं! दुर्गेश्वरी धावतच आत गेली. लॅपटॉप उघडला, नोटपॅड उघडलं, सासऱ्यांच्या नावाच्या शेवटी टिचकी मारली आणि तिचा हात तिथंच अडला. मागून पावलं वाजली. श्यामलाल येऊन पाठीशी उभे राहिले होते.

आता या अडण्याला कारण होतं. छापायला गेलेल्या पत्रिकेतून नाव काढायची पाळी दोनच कारणांनी येते: घरात फाटलं तर, नाहीतर तो माणूस छपाईआधी वारला तर. जित्या माणसाचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत पुसणं म्हणजे अपशकुन. अशी नावं काढायची वेळ आली की ती गिऱ्हाइकाला चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवायची आणि मग काढायची.

"काढ ना."

"मामाजी, तुम्ही बाहेर बसता का घडीभर? मी चहा ठेवते."

श्यामलालांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं.

"कोणती बटन आहे?"

तिनं बोटानं दाखवली. त्यांनी वाकून आपला जाड अंगठा त्या बटणावर ठेवला आणि पाण्याची मोटर चालू करतात तसा जोरानं दाबला. दाबूनच धरला. 'बिसेन' गेलं. 'श्यामलाल' गेलं. 'श्री.' गेलं. त्यामागचा टॅग गेला, आणि अंगठा उचलायचा असतो हे त्यांना कुठं ठाऊक? पुसणं वरच्या ओळीत शिरलं.

"मामाजी, बास! उचला!"

ते दचकून मागे सरले. वरच्या ओळीतलं 'बिसेन' गेलं होतं, 'श्यामलाल' गेलं होतं, 'बाई' गेलं होतं. 'स्व. सौ. रुख्मा' एवढंच उरलं होतं.

त्यांनी चष्मा नीट केला आणि ते वाचलं. पुन्हा वाचलं. दुर्गेश्वरीला वाटलं आता रागावतील.

"मायरी तिले येवढंच म्हणत," ते म्हणाले. "इकडं आल्यावर कोणी म्हटलंच नाही. म्या बी नाही." मग म्हणाले, "हेबी काढ. तुयं बी येवढंच लिव. मांगंपुढं कोणी नको."

ते स्वयंपाकघरात गेले आणि माठातून स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायले.

दुर्गेश्वरी पडद्यासमोर एकटी राहिली. दोन बटणं एकत्र दाबली असती तर गेलेलं सगळं होतं तसं परत आलं असतं. अकरा वर्षांच्या सवयीनं बोटं त्यांच्यावर गेलीसुद्धा. तिनं हात मांडीवर घेतले. मग सासूची ओळ काढली, नवऱ्याची काढली, मोडलेले टॅग बांधले आणि एच-वनमध्ये लिहिलं: दुर्गेश्वरी. उघडून बघितलं तर ते नाव तिला फार मोठं दिसलं, अगदी उघडं. एवढ्या मोठ्या अक्षरांत ते आधी एकदाच छापलं गेलं होतं, तिच्या लग्नात, आणि तेव्हाही शेजारी भुपेंद्र होता. ती उठली, अंगणात जाऊन आली. नाव तिथंच होतं. खाली तिनं एक ओळ घातली: मराठी आणि हिंदी पानं लावते, अकरा वर्षांचा अनुभव. त्याखाली नंबर, स्वतःचा. पावणेपाचला पान चढवलं.

सहा वाजले. सहा पाच झाले. ती आतून बाहेर, बाहेरून आत. सहा दहाला मोबाइल वाजला.

"दुर्गेश्वरी बोलताय?"

"हो."

"आता कळलं कोणाशी बोलायचं ते. सोमवारी दहा पानं पाठवते. एवढी लावून द्या, चांगली झाली तर पुढचं पुस्तक तुमच्याकडे. आणि हो, यापुढे याच नंबरवर ना? दुपारी तुमच्या घरच्या मोठ्यांना उगाच त्रास झाला."

दुर्गेश्वरीनं बाहेर बघितलं. श्यामलाल सायकलची साखळी पुसत होते. साखळी केव्हाच स्वच्छ झाली होती आणि फडकं एकाच जागी थांबलं होतं.

"याच नंबरवर," ती म्हणाली. "हा माझा आहे."